बेडशाचा अंधार कोणत्या फाइलीत मावतो?

पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरून पवनेच्या खोऱ्याकडे वळले की बेडसे गाव लागते. गावामागच्या डोंगरात पायऱ्यांची वाट चढून गेले की लेणी. कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाची गर्दी असते, भाज्याला पावसाळी सहलींची. त्या मानाने बेडसे शांत. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात कोरलेले इथले चैत्यगृह डोळ्यांना जितके सुंदर, तितकेच कॅमेऱ्याला अवघड आहे.

अवघड असण्याची पहिली कारणे त्याच्या रचनेतच आहेत. चैत्यगृहासमोरचा कातळ कारागिरांनी पुरता काढलाच नाही. समोर मोठा खडक तसाच उभा आणि त्यातून आत नेणारा एक अरुंद बोळ. बोळातून ओसरीत आले की सुमारे २५ फूट उंचीचे अष्टकोनी स्तंभ एकदम अंगावर येतात. त्यांच्या माथ्यावर घंटेच्या आकाराची कमळे, आणि त्यांवर घोडे, हत्ती, बैल यांच्या पाठीवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. मागे सरकून सगळे एका चौकटीत घ्यावे म्हटले तर मागे कातळ. भिंतीवर चैत्यकमानी आणि वेदिकेची नक्षी, आणि त्यापलीकडे दाराआड स्तूप, जवळजवळ काळोखात.

लेणे पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे सकाळी ओसरीतली शिल्पे खुलतात. पण त्याच वेळी उजेडातली दरी वाढते. उघड्या उन्हातला प्रकाश एक लाख लक्सच्या घरात असतो, अंधाऱ्या खोलीत तो दहा लक्सवर येऊ शकतो. म्हणजे दहा हजार पटींचा फरक. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे याला छायाचित्रकार एक स्टॉप म्हणतात. त्या हिशेबाने ही दरी तेरा स्टॉपांहून थोडी जास्त भरते. माणसाचा डोळा उन्हातून आत आल्यावर काही मिनिटांत सरावतो आणि मेंदू दोन्ही दृश्ये जोडून घेतो. कॅमेऱ्याला हे सगळे एका क्षणात टिपावे लागते, आणि टिपलेले एका फाइलीत भरावे लागते.

ती फाइल कशी असावी, हा या लेखाचा विषय. फोटोच्या नावापुढची तीन-चार अक्षरे, म्हणजे जेपीजी (बोलण्यातले जेपेग), टिफ, पीएनजी, एचईआयसी किंवा रॉच्या कुळातले एखादे, आपण सहसा वाचतही नाही. पण कॅमेऱ्याने जे मोजले त्यातले काय ठेवायचे, काय टाकायचे आणि हा निर्णय कोणी व केव्हा घ्यायचा, हे तीच अक्षरे ठरवतात.

मळवलीचे दगड

चित्राची फोड करून ते पुन्हा जुळवण्याची विद्या मावळात सव्वाशे वर्षांपूर्वीच आली होती. कामशेतनंतर लोणावळ्याकडे जाताना पुढचे स्टेशन मळवली. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना १८९९ च्या सुमारास मळवलीला आला. महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी ज्या छापखान्याच्या, तो हाच. पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला आणि १९७२ मध्ये आगीत तो नष्ट झाला.

शिळाछापाची पद्धत अशी की एका चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा. तोच कागद एकामागून एक दगडांखालून जायचा आणि दर खेपेला एक रंग चढायचा. दगड जितके जास्त, तितके चित्र मूळ तैलरंगाच्या जवळ. पण खर्च आणि वेळही तितका जास्त. किती दगड पुरेत, हे छापणाऱ्याला आधीच ठरवावे लागे.

याच परिसरात आणखी एक माणूस या विद्येत मुरत होता. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे पुढचे दादासाहेब फाळके. त्यांनी १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी धरली. ती सोडून १९०६ मध्ये त्यांनी लोणावळ्यात 'फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' काढले. रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोची कामे तिथे होत. पुढे हाफटोन ब्लॉक आणि तीनरंगी छपाईही सुरू झाली. १९०८ मध्ये हा कारखाना दादरला हलला, आणि १९१३ मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

हाफटोनमध्ये करड्या रंगाच्या अखंड छटा लहान-मोठ्या ठिपक्यांत मोडल्या जातात. तीनरंगी छपाईत दृश्यातले रंग तीन भागांत वेगळे केले जातात. तीन रंगांच्या काचांतून घेतलेली तीन छायाचित्रे एकावर एक टाकून रंगीत चित्र उभे करता येते, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनमध्ये दाखवले होते. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात या दोन्ही युक्त्या आहेत: चित्राचे ठिपके करायचे आणि रंगाचे तीन वाटे.

सेन्सर रंग पाहतच नाही

कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या सूक्ष्म खळग्यांची जाळी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात असे २ कोटी ४० लाख खळगे असतात. प्रत्येक खळगा फक्त एवढेच सांगतो: माझ्यात किती प्रकाश पडला. कोणत्या रंगाचा, ते त्याला कळत नाही.

यावर कोडॅक कंपनीतले शास्त्रज्ञ ब्राइस बेयर यांनी तोडगा काढला. त्याचे पेटंट त्यांना १९७६ मध्ये मिळाले. प्रत्येक खळग्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवायची, चार खळग्यांमागे दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. हिरव्या दुप्पट, कारण उजेडाचा बारकावा आपला डोळा मुख्यतः हिरव्या पट्ट्यातून टिपतो. याचा अर्थ असा की कॅमेऱ्याने घेतलेल्या फोटोत कोणत्याही ठिकाणी तीनपैकी एकच रंग खरोखर मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या खळग्यांवरून गणिताने काढलेले असतात. मोबाइलपासून महागड्या कॅमेऱ्यापर्यंत बहुतेक सर्वत्र हीच मांडणी आहे. रंगीत फोटोतले दोनतृतीयांश आकडे अंदाजाने भरलेले असतात, आणि तरीही तो फोटो आपल्याला खरा वाटतो.

या अंदाजाआधीची नोंद, म्हणजे प्रत्येक खळग्याने मोजलेला कच्चा आकडा, जशीच्या तशी साठवली की ती झाली रॉ फाइल. कॅननमध्ये तिचे नाव सीआर३ किंवा जुन्या कॅमेऱ्यात सीआर२, निकॉनमध्ये एनईएफ, सोनीत एआरडब्ल्यू. रॉ फाइल उघडल्यावर पडद्यावर दिसते ते चित्र संगणकाने त्या क्षणी तयार केलेले असते. फाइलीत असतात ते आकडे आणि एक चिठ्ठी: एक्स्पोजर किती होते, लेन्स कोणती होती, व्हाइट बॅलन्स काय निवडला होता.

व्हाइट बॅलन्स चिठ्ठीवर असणे बेडशात फार उपयोगी पडते. आतल्या बेसॉल्टवर थेट ऊन पडत नाही. निळ्या आभाळाचा, बोळाच्या खडकाचा, पावसाळ्यात बाहेरच्या हिरवाईचा परावर्तित उजेड तेवढा येतो. करडा दगड कधी निळसर, कधी हिरवट दिसतो. रॉमध्ये हा रंग नंतर, शांतपणे, काहीही न गमावता दुरुस्त करता येतो. जेपेगमध्ये तो आकड्यांत मुरलेला असतो.

सोळा पायऱ्यांचा काळोख

रॉचे खरे बळ बिटांत आहे. आठ बिट म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंत, २५६ पायऱ्या. बारा बिट म्हणजे ४,०९६. चौदा बिट म्हणजे १६,३८४. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला आठ बिट मिळतात, बऱ्याच कॅमेऱ्यांच्या रॉमध्ये बारा किंवा चौदा.

तीन रंगांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या गुणल्या की १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होतात. मग जेपेगला कमी काय पडते? उत्तर या पायऱ्यांच्या वाटणीत आहे. सेन्सरची नोंद सरळ प्रमाणात असते: प्रकाश निम्मा झाला की आकडाही निम्मा. त्यामुळे चौदा बिटांच्या फाइलीत सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला एकट्याला ८,१९२ पायऱ्या जातात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८, १,०२४, ५१२, २५६, १२८, ६४, ३२. दहाव्या स्टॉपला पोचेपर्यंत उरतात अवघ्या सोळा. चैत्यगृहाचा आतला काळोख नेमका या तळाच्या पायऱ्यांवर राहतो.

जेपेग तयार करताना कॅमेरा या आकड्यांना एक वळण देतो, सावलीला थोड्या जास्त पायऱ्या मिळतील असे पाहतो; पण फोटो उठावदार दिसावा म्हणून अगदी गडद भाग काळ्यात आणि अगदी उजळ भाग पांढऱ्यात लोटतो. पडद्यावर ते छान दिसते. नंतर मात्र अंधार उजळवायला गेलो की त्यात दगड सापडत नाही, काळे डाग सापडतात.

रॉ ही जादू नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. एखादा खळगा प्रकाशाने काठोकाठ भरला की त्यापुढचे त्याला मोजता येत नाही. दारातून दिसणारे आभाळ जळाले, म्हणजे पार पांढरे झाले, तर ते रॉमधूनही परत येत नाही. उलट सावलीत काही ना काही नोंद असते, ती आवाजासकट, म्हणजे रंगीत दाण्यांसकट, वर काढता येते. म्हणून जाणकार असे करतात की उजळ भाग जळणार नाही एवढेच एक्स्पोजर ठेवायचे आणि अंधार घरी जाऊन उजळायचा. ज्यांना तेही पुरत नाही ते एकाच जागेवरून कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो घेऊन नंतर जोडतात. त्यासाठी तिवई हवी, आणि केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकात तिवई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते. हातात कॅमेरा धरून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवून काम भागवणाऱ्याला रॉचाच आधार.

बंगळुरूच्या अभियंत्याचे गणित

जगातले बहुतेक फोटो मात्र जेपेगमध्ये साठवले गेले आहेत, आणि त्यामागचे गणित एका भारतीयाचे आहे. नासिर अहमद यांचा जन्म १९४० मध्ये बंगळुरूचा. अभियांत्रिकीचे शिक्षण तिथेच झाले, पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ही कल्पना त्यांनी १९७२ मध्ये मांडली. त्या वेळी संशोधनासाठी मागितलेला निधी त्यांना मिळाला नाही. काम थांबले नाही; टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप स्थापन झाला, या गटाने तयार केलेले मानक १९९२ मध्ये आले, आणि गटाच्या आद्याक्षरांवरून फाइलीला जेपेग हे नाव पडले.

जेपेग काय करते ते बेडशाच्या एखाद्या फोटोवर पाहू. आधी ती लाल-हिरवा-निळा ही मांडणी बदलून उजेड वेगळा आणि रंग वेगळा काढते. डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो, रंगातला ढोबळ. म्हणून रंगाची माहिती बऱ्याचदा चार पिक्सेलमागे एकदाच ठेवली जाते. मग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनात ६४ आकडे. अहमद यांचे गणित या ६४ आकड्यांचे दुसऱ्या ६४ आकड्यांत रूपांतर करते: पहिला आकडा चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो, पुढचे आकडे हळूहळू बदलणारी छटा, आणि अगदी शेवटचे पिक्सेलागणिक होणारे बारीक चढउतार.

इथपर्यंत बहुतेक सारे शाबूत असते. खरी काटछाट पुढच्या पायरीवर होते. प्रत्येक आकड्याला ठरलेल्या भाजकाने भागून जवळचा पूर्णांक घेतला जातो. मानकात नमुन्यादाखल दिलेल्या तक्त्यात पहिला भाजक १६ आहे आणि शेवटचा ९९. समजा पहिला आकडा ५०० आहे. १६ ने भागून ३१ घेतले, परत गुणले की ४९६. फरक डोळ्याला कळणार नाही. पण शेवटचा आकडा ४० असेल तर ९९ ने भागून उरते शून्याजवळ काहीतरी, म्हणून शून्य. परत गुणले तरी शून्यच. दगडावरच्या छिन्नीच्या बारीक खुणा अशा शून्यात जातात. शून्यांच्या लांबलचक रांगा फार थोड्या जागेत लिहिता येतात, आणि म्हणून फाइल लहान होते.

किती लहान? २४ मेगापिक्सेलचा फोटो चौदा बिटांच्या रॉमध्ये न दाबता ठेवला तर ४२ एमबी होतो. तोच सोळा बिटांच्या, तिन्ही रंग भरलेल्या टिफमध्ये १४४ एमबी. चांगल्या प्रतीचे जेपेग साधारण दहा एमबीच्या आसपास. ६४ जीबीच्या कार्डात अशा रॉ फाइली दीड हजार बसतील, जेपेग सहा हजारांवर.

स्तूपाचा घुमट आणि दारावरची अक्षरे

जेपेगने टाकलेले कुठे जाणवते, हे बेडशात दोन ठिकाणी अगदी जवळून पाहता येते.

पहिले ठिकाण स्तूपाचा घुमट. गुळगुळीत गोलाईवर उजेड एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूला काळोखात विरत जातो. डोळ्याला तो सलग उतार वाटतो. आठ बिटांच्या जेपेगमध्ये हा काळोख उजळवला की उताराच्या जागी पट्टे दिसू लागतात, एकामागे एक, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे. जेपेग फार दाबलेले असेल तर आठ बाय आठचे चौकोनही उमटतात. पावसाळ्यात पवन मावळावर उतरलेल्या धुक्याचा फोटो घेतला तरी हेच होते, कारण धुकेही असाच संथ उतार आहे.

दुसरे ठिकाण शिलालेख. ओसरीतल्या एका खोलीच्या दारावर ब्राह्मी अक्षरांत नोंद आहे की हे नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचे दान. दुसरा लेख एका लहान स्तूपाजवळ आहे, गोभूती नावाच्या अरण्यवासी भिक्षूच्या स्मरणाचा. पाण्याच्या टाक्याजवळच्या लेखात महाभोजाच्या मुलीचे, महारठिनी सामडिनिका हिचे नाव येते. इथे घुमटाच्या उलट परिस्थिती आहे: अक्षराची कड तीक्ष्ण आणि तिच्या शेजारी खडबडीत दगड. जेपेगमधले बारीक आकडे शून्य झाले की अशा कडांभोवती फिकट लहरी उठतात. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की ही अक्षराची मात्रा, दगडाचा टवका, की फाइलीने निर्माण केलेली रेघ? लेखाच्या वाचनावर नावे आणि काळ ठरत असतात. तिरक्या उजेडात घेतलेला असा फोटो रॉ किंवा टिफमध्येच ठेवायला हवा.

आणि टाकलेले परत येत नाही. या लेण्यातल्या भिंती आणि खांबांवर एके काळी गिलाव्यावर रंगवलेल्या चित्रांचे अवशेष होते. १८६१ च्या सुमारास साहेब लोकांना लेणे नीटनेटके दिसावे म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याची साफसफाई करवली आणि ती चित्रे गेली. हेतू वाईट नव्हता. काय महत्त्वाचे आहे हे ठरवणाऱ्याने फार लवकर ठरवले, एवढेच. जेपेग करताना कॅमेराही असेच ठरवतो, सेकंदाच्या अंशात, आणि ते आपल्याला सांगतही नाही.

टिफ, पीएनजी आणि मोबाइलचे एचईआयसी

रॉमधून निवडलेला, दुरुस्त केलेला फोटो कायमचा ठेवायचा असेल तर टिफ. अल्डस कंपनीने ते १९८६ मध्ये काढले, सहावी आवृत्ती १९९२ मध्ये आली आणि पुढे अल्डस अडोबीत विलीन झाली. टिफ फाइल दाबली तरी आतला एकही आकडा बदलू न देता दाबता येते. तिच्या सुरुवातीच्या बाइटांत ४२ ही संख्या असते. ती पाहून संगणक ओळखतो की ही टिफ. बेडशाच्या ओसरीचा फोटो एका चौकटीत बसत नाही म्हणून अनेक फोटो जोडून केलेले मोठे चित्र, किंवा उंच स्तंभांच्या आत झुकलेल्या रेषा सरळ केलेले चित्र, टिफमध्ये ठेवावे. दिवाळी अंकाला फोटो द्यायचा असला तरी छापखाना बहुधा टिफच मागतो. ए४ आकाराचे पान इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचे तर २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल पुरतात, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलहून कमी. तेव्हा छपाईत अडचण येते ती बहुधा मेगापिक्सेलची नसते, पुन्हा पुन्हा दाबलेल्या फाइलीची असते.

पीएनजी १९९६ मध्ये आले. जीआयएफमधल्या दाबण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते; त्याचे पैसे मागितले जाऊ लागल्यावर मुक्त पर्याय म्हणून ते घडवले गेले. पीएनजीतही काही हरवत नाही. लेण्याचा आराखडा, चैत्यगृहाचा काटछेद, पोचण्याचा नकाशा अशा रेषा आणि सपाट रंगांच्या चित्रांना ते उत्तम. फोटोसाठी मात्र फाइल उगीच फुगते.

एचईआयसी २०१७ पासून आयफोनमुळे सर्वांच्या खिशात आले. ते व्हिडिओ दाबण्याच्या नव्या पद्धतीवर उभे आहे. जेपेगच्या जवळपास निम्म्या जागेत तशीच प्रत देते, आणि आठऐवजी दहा बिटही ठेवू शकते, त्यामुळे स्तूपाच्या घुमटावरचे पट्टे कमी होतात. अडचण एकच, ते सगळीकडे उघडत नाही. सरकारी अर्जाच्या संकेतस्थळावर फोटो जेपेगमध्येच आणि ठरावीक केबींच्या आतच लागतो. जुना संगणक एचईआयसी पाहून थबकतो. मोबाइलमधल्या प्रो मोडमध्ये हल्ली रॉही घेता येते, बहुतेक फोनांत ते डीएनजी नावाने साठते. अंधाऱ्या लेण्यात शिरण्याआधी ते चालू करणे फायद्याचे.

आता व्हॉट्सअॅप. ट्रेकच्या ग्रुपवर टाकलेला फोटो पाठवतानाच आकाराने लहान होतो आणि पुन्हा जेपेग म्हणून दाबला जातो. कोणी तो जतन करून दुसऱ्या अॅपमध्ये कापला, उजळला, पुन्हा पाठवला की भागाकार-पूर्णांकाचा खेळ पुन्हा सुरू. शिवाय फोटोबरोबरची एक्झिफ नोंद, म्हणजे तारीख, कॅमेरा, जागा, वाटेत गळून पडते. उपाय सोपा आहे: फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मग फाइल आहे तशी पोचते. जेपेग नुसते उघडून पाहिल्याने किंवा कॉपी केल्याने खराब होत नाही, हेही लक्षात असू द्यावे. बदल करून पुन्हा सेव्ह केल्यानेच नुकसान होते.

आकडे टिकले, वाचणारा टिकेल का?

फोटो जपायचा म्हटला की पहिला धडा अजिंठ्याचा. रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत राहिले. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. गिल यांनी दुहेरी लेन्सच्या कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रे मात्र १८६४ मध्ये पुस्तकांतून प्रसिद्ध झाली होती आणि ती टिकली, कारण त्यांच्या प्रती अनेक ठिकाणी होत्या. फॉरमॅट कितीही उत्तम असो, एकाच हार्ड डिस्कवर ठेवलेला फोटो सुरक्षित नसतो.

दुसरा धडा बेडशाच्या दारावरच कोरलेला आहे. पुष्यणकाच्या दानाची अक्षरे शतकानुशतके शाबूत होती, पण ती वाचणारे संपले होते. ब्राह्मी लिपीची किल्ली जेम्स प्रिन्सेप यांना १८३७ मध्ये सापडली, तेव्हा अशा लेखांना पुन्हा तोंड फुटले. फाइलीचेही असेच. आतले शून्य आणि एक कितीही नीट जपले, तरी ते कसे वाचायचे हे सांगणारा दस्तऐवज उरला नाही तर फोटो उरत नाही. कॅमेरा कंपन्यांच्या रॉ फाइली त्या त्या कंपनीच्या खासगी रचनेच्या असतात; त्यांचे पूर्ण वर्णन कंपन्या सहसा जाहीर करत नाहीत. म्हणून अडोबीने २००४ मध्ये डीएनजी आणले, ज्याचे वर्णन सर्वांना खुले आहे. टिफ आणि जेपेग यांची वर्णनेही जाहीर आहेत, आणि तीस वर्षांहून अधिक काळ ती फारशी बदललेली नाहीत. जेपेग माहिती टाकते हे खरे. पण ते उघडणारे कोट्यवधी संगणक जगात आहेत, हाही टिकण्याचा एक भक्कम आधार आहे.

मग बेडशाला जाणाऱ्याने काय करावे? कॅमेऱ्याच्या मेन्यूत रॉ अधिक जेपेग हा पर्याय असतो, तो निवडावा. संध्याकाळी घरच्यांना आणि ग्रुपला पाठवायला जेपेग हाताशी राहते. रॉ फाइली, जमल्यास डीएनजी करून, दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. निवडक फोटो, विशेषतः शिलालेख आणि स्तंभशीर्षे, टिफमध्ये जपावेत. दरीचे, भातखाचरांचे, मित्रांचे फोटो बाहेरच्या चांगल्या उजेडात असतात. त्यांना जेपेग पुरते, आणि त्यांच्यासाठी रॉचे ओझे वाहण्याचे कारण नाही.

फरक फोटोच्या सौंदर्याचा नाही, पुढच्या उपयोगाचा आहे. फोटो कशासाठी हे आजच माहीत असेल तर जेपेग करून टाकावे. लेण्याचा फोटो तसा नसतो. दगडावरची एखादी पुसट रेघ, गिलाव्याचा उरलेला तुकडा, छिन्नीची दिशा यांतले काय पुढच्या अभ्यासकाला हवे असेल हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तिथे निर्णय पुढे ढकलणारी फाइल हवी, आणि कार्डात रॉपुरती जागा शिल्लक आहे की नाही हे डोंगर चढण्याआधीच पाहून घ्यावे.